एक दाता, एक नाव, एक नोंद

विहाराच्या हिशेबात शिरलेली दुबार नावे कशी शोधावीत, कशी जोडावीत

आपल्या वस्त्यांतील विहारे कोणा धनिकाच्या थैलीतून उभी राहिलेली नाहीत. गिरणी कामगार, सफाई कामगार, रेल्वेचे गँगमन, बिगारी, शिपाई आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी यांनी पगाराच्या दिवशी बाजूला काढलेल्या पाच-दहा रुपयांतून त्या भिंती चढल्या. वैशाख पौर्णिमेची वर्गणी, वर्षावासातील दान, जयंतीचा निधी, कालकथित आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली रक्कम, असे हे थेंबाथेंबाचे तळे आहे. म्हणूनच आपल्याकडे दानाचा हिशेब हा नुसत्या आकड्यांचा प्रश्न राहत नाही. प्रत्येक आकड्यामागे एक नाव असते आणि त्या नावामागे एक घर असते.

पूर्वी हा हिशेब कीर्द-खतावणीत होता. खजिनदार वस्तीतलाच असे. कोण कुठल्या चाळीत राहतो, कोणाचा कोण लागतो, हे त्याला पाठ असे. आता बऱ्याच समित्यांनी आणि ट्रस्टांनी हिशेब संगणकावर घेतला आहे. कोणाकडे टॅली आहे, कोणाकडे एक्सेलची यादी आहे, काही संस्था देणगीदारांची माहिती ठेवण्याचे खास सॉफ्टवेअर वापरतात. हे योग्यच झाले. परंतु संगणक वस्तीत राहत नाही. त्याला माणूस दिसत नाही, फक्त अक्षरे दिसतात. त्यामुळे एकाच दात्याचे नाव यादीत दोनदा, तीनदा, कधी चारदा येऊन बसते. यालाच दुबार नोंद म्हणतात. ही दुबार नावे कशी होतात, त्यांनी नुकसान कोणाचे होते आणि ती कशी निस्तरावीत, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. समितीवर असणाऱ्यांनी तो वाचावाच, पण जे फक्त वर्गणी देतात त्यांनीही वाचावा. कारण यादीतले नाव त्यांचे आहे.

दुबार नोंद होते कशी?

पहिले कारण लेखनाचे. पावती मराठीत फाडली जाते आणि संगणकावर नाव रोमन लिपीत चढते. वानखेडे हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. सोनवणे, गायकवाड, कांबळे, मेश्राम यांचेही तसेच. एकजण मध्ये 'ए' घालतो, दुसरा गाळतो. मराठीत लिहिले तरी सुटका नाही. एकाने कांबळे लिहिले, दुसऱ्याने काम्बळे. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन.

दुसरे कारण नावाच्या क्रमाचे. एका पावतीवर आडनाव आधी, दुसरीवर शेवटी. एकीवर वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीवर फक्त आद्याक्षर. कोठे 'आयु.', कोठे 'श्री.', कोठे 'गुरुजी' किंवा 'साहेब' नावाला चिकटून बसलेले.

तिसरे कारण जुन्या फाँटचे. अनेक संस्थांच्या जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये केलेल्या आहेत. पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण संगणकाच्या पोटात ते युनिकोडमधील देवनागरी नसते. म्हणून जुन्या यादीतील नाव आणि आज युनिकोडमध्ये टाइप केलेले तेच नाव एकमेकांना ओळख देत नाहीत. जुनी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

चौथे कारण माणसांच्या जीवनाचे. मुलीचे लग्न होते, आडनाव बदलते. कोणी राजपत्रात जाहिरात देऊन जुने आडनाव सोडतो. कोणी भाड्याची खोली सोडून उपनगरात जातो. मोबाइलचा नंबर बदलतो. प्रत्येक बदलाबरोबर यादीत एक नवा माणूस जन्माला येतो, आणि जुनाही तेथेच राहतो.

पाचवे कारण घाईचे. जयंतीच्या रात्री दहा हात वर्गणी घेत असतात. दुसऱ्या दिवशी दोन कार्यकर्ते दोन संगणकांवर नोंदी करतात. नाव आधीच आहे का, हे पाहण्यापेक्षा नवीन टाकणे सोपे वाटते.

नुकसान कोणाचे?

कोणी म्हणेल, नाव दोनदा आले तर काय बिघडले? पैसे तर तेवढेच आहेत. पैसे तेवढेच असतात हे खरे, पण बिघडते बरेच.

समजा, एका बंधूने वर्षात तीन वेळा दान दिले. तीन नोंदी तीन नावांवर गेल्या. वर्षअखेरीस त्याला पत्र गेले ते एकाच रकमेचे. बाकीच्या दोन पावत्या त्याच्या खिशात आहेत आणि समितीच्या पत्रात त्यांचा पत्ता नाही. त्याला वाटणार, पैसे कोठे गेले? वस्तीत कुजबुज सुरू होते. खजिनदाराने एक पैसाही खाल्लेला नसतो, तरी बोट त्याच्याकडे जाते. आपल्या किती समित्यांत फूट पडली ती खऱ्या अपहारापायी आणि किती ती हिशेब दाखवता आला नाही म्हणून, याचा विचार ज्याने त्याने आपल्या गावापुरता करावा.

दुसरे नुकसान कायद्याचे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी खाली मान्यता असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरणे सक्तीचे झाले. फॉर्म १०-बीडी हे त्या विवरणाचे नाव. त्यात प्रत्येक दात्याचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, ती रोखीने आली की बँकेतून, आणि रक्कम, एवढे द्यावे लागे. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत हे विवरण भरायचे आणि तेवढ्याच मुदतीत दात्याला फॉर्म १०-बीई हे प्रमाणपत्र द्यायचे, असा नियम. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि विवरण न भरल्यास १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात होती. ३१ मेच्या आदल्या रात्री यादी उघडून त्यात एकच माणूस तीनदा आणि तिन्ही पत्ते वेगवेगळे दिसले, तर कोणता पत्ता भरणार? नवा आयकर कायदा २०२५ साली मंजूर झाला असून त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा यापुढील वर्षांचे कलम आणि फॉर्म कोणते, हे आपल्या हिशेबतपासनिसांना विचारूनच ठरवावे. पण दात्याची ओळख नीट ठेवा, ही मागणी बदललेली नाही.

येथे दात्यांसाठीही दोन गोष्टी सांगतो. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी ८०-जीच्या वजावटीस पात्र धरली जात नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी. आणि ज्यांचा कर नव्या करप्रणालीने आकारला जातो, त्यांना या देणगीची वजावट मिळत नाही. दान वजावटीसाठी द्यायचे नसते हे खरे, पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कर कमी झाला, असा गैरसमज नसावा.

तिसरी बाब निनावी दानाची. २००६ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात असे कलम आले की, ज्या देणगीमागे दात्याचे नाव व पत्ता यांची नोंद संस्थेकडे नाही, ती निनावी समजावी आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तिच्यावर ३० टक्के कर लावावा. निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून सूट ठेवली गेली, पण वसतिगृह, वाचनालय, शिष्यवृत्ती चालवणाऱ्या आपल्या ट्रस्टांनी हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. 'कांबळे, ५०१ रुपये' एवढीच नोंद असेल, तर ती कोणत्या कांबळ्यांची हे कोण सांगणार?

उलटा धोका : दोघांचा एक माणूस

दुबार नावांचा एवढा त्रास असेल तर सारखी दिसणारी नावे सरसकट जोडून टाकावीत, असे कोणाला वाटेल. तसे मुळीच करू नये. एकाचे दोन होण्यापेक्षा दोघांचा एक होणे अधिक वाईट आहे.

याचे मोठे उदाहरण शेजारच्या तेलंगणात घडले. तेथील सरकारने वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या 'समग्र वेदिका' नावाच्या संगणक यंत्रणेने एकमेकींशी जुळवल्या आणि त्या आधारे रेशनकार्डे रद्द केली. रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या माणसाचे नाव दुसऱ्या कोणा मोटारमालकाच्या नावाशी जुळले आणि त्याच्या घरचे धान्य बंद झाले, असे प्रकरण पुढे वृत्तपत्रांनी उघड केले. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करा, असा आदेश न्यायालयाने २०२२ साली दिला. यंत्राने नाव जुळवले, पण दारात जाऊन माणूस कोणी पाहिला नव्हता. उपाशी राहण्याची पाळी आली ती गरिबावर.

आपल्या समाजात तर हा धोका अधिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर घरोघर नव्या नावांचे बारसे झाले. गावगाड्याने चिकटवलेली हेटाळणीची नावे गेली आणि सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा ही नावे आली. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यामुळेच एका विहाराच्या यादीत एकाच आडनावाचे अनेक सिद्धार्थ आणि अनेक सुजाता सापडतात. ती नावे दुबार नाहीत, ती वेगवेगळी माणसे आहेत. नाव सारखे आहे एवढ्यावरून जो त्यांना एकत्र करील, तो एका गरिबाचे दान दुसऱ्याच्या पदरात टाकील.

संगणक नाव कसे जुळवतो?

उच्चाराने सारखी नावे शोधण्याची एक जुनी रीत आहे. तिला साउंडेक्स म्हणतात. अमेरिकेत १९१८ साली तिचे पेटंट झाले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि पुढील व्यंजनांना आकडे द्यायचे, अशी ती रीत. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिले तरी तिन्हींचा संकेत 'जी २३०' असाच येतो, म्हणजे येथे तिचा उपयोग होतो. पण वानखेडे डब्ल्यूने लिहिले तर 'डब्ल्यू ५२३' आणि व्हीने लिहिले तर 'व्ही ५२३'. पहिलेच अक्षर वेगळे पडल्याने जुळणी होत नाही. सोनवणे डब्ल्यूने लिहिले तर 'एस ५५०', व्हीने लिहिले तर 'एस ५१५'. उलट कांबळे आणि कुंबळे या दोन वेगळ्या आडनावांचा संकेत एकच, 'के ५१४'. ही रीत इंग्रजी नावांसाठी बसवलेली होती, आपल्या आडनावांसाठी नव्हे. यावरून एवढेच घ्यायचे की, संगणक संशय दाखवतो, निकाल देत नाही. निकाल माणसाने द्यायचा.

साफसफाईची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे काम एकट्याने करू नये. एक संगणक चालवणारा तरुण किंवा तरुणी, आणि एक वस्तीची माहिती असलेले जुने जाणते, अशी जोडी बसवावी. एकाला यंत्र कळते, दुसऱ्याला माणसे कळतात.

पहिली पायरी : काहीही बदलण्याआधी संपूर्ण हिशेबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवावी आणि तीवर तारीख घालावी. काम बिघडले तर परत येण्याची वाट राहते.

दुसरी पायरी : तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत. एकूण नावे किती, एकूण पावत्या किती, एकूण रक्कम किती. समजा नावे ६४०, पावत्या १,२१५ आणि रक्कम ४,८६,३५० रुपये आहे. काम संपल्यावर नावे कमी होतील, पण पावत्या १,२१५ च राहिल्या पाहिजेत आणि रक्कमही रुपयाने हलता कामा नये. हलली तर नोंद जोडताना दान पुसले गेले, असे समजावे आणि मूळ प्रतीवर परत यावे.

तिसरी पायरी : आधी वरवरचा केर काढावा. नावाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा, दोन शब्दांतील दोन-दोन फटी, नावात शिरलेले 'श्री.' आणि 'आयु.' हे वेगळ्या रकान्यात न्यावेत. मोबाइल नंबर कोणी शून्य लावून लिहितो, कोणी ९१ लावून. शेवटचे दहा आकडे ठेवावेत. एवढ्यानेच बरीच दुबार नावे उघडी पडतात.

चौथी पायरी : पुरावा तोलावा. पॅन क्रमांक एकच असेल तर माणूस एकच, असे बहुतेक वेळा धरता येते, कारण पॅन एका व्यक्तीला एकच मिळतो. पॅनमध्ये दहा खुणा असतात. चौथे अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असते आणि व्यक्तीच्या पॅनमधील पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. लिहिताना झालेली गफलत यावरून पकडता येते. मोबाइल नंबर मात्र पक्का पुरावा नव्हे. आपल्या घरांत एक फोन चौघांचा असतो. बापाचा, लेकाचा आणि सुनेचा नंबर एकच लिहिलेला असतो. नंबर सारखा, नाव सारखे आणि पत्ताही सारखा असेल तर एकच माणूस मानावा. फक्त नंबर सारखा असेल तर ते एक घर आहे, एक माणूस नव्हे.

पाचवी पायरी : तीन गठ्ठे करावेत. नक्की एकच, नक्की वेगळे, आणि संशयाचे. संशयाचा गठ्ठा संगणकावर सोडवू नये. जुन्या पावत्यांच्या स्थळप्रती काढाव्यात, सही पाहावी, आणि तरीही उलगडा झाला नाही तर रविवारी वंदनेच्या वेळी त्या व्यक्तीला विचारावे किंवा घरी जावे. "दादा, गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला आपणच पावती फाडली होती ना?" एवढे विचारण्यात कमीपणा नाही. उलगडा होईपर्यंत दोन्ही नावे तशीच राहू द्यावीत.

सहावी पायरी : जोडायचे ठरल्यावर एक नोंद कायम ठेवावी, शक्यतो जुनी आणि पूर्ण पत्त्याची. दुसरीवरील सर्व पावत्या तिच्याकडे न्याव्यात. पावतीचा क्रमांक, तारीख आणि रक्कम यांना हात लावू नये. जुने आडनाव किंवा जुना पत्ता पुसून टाकू नये, 'पूर्वीचे नाव' असा रकाना करून त्यात ठेवावा.

सातवी पायरी : जोडणीची वही घालावी. कोणती नोंद कोणत्या नोंदीत गेली, कोणत्या पुराव्यावर, कोणत्या तारखेला, आणि दोघांच्या सह्या. उद्या कोणी विचारले तर तोंडी उत्तर देण्याची वेळ येऊ नये.

टॅली, एक्सेल आणि इतर

टॅलीत एकाच नावाची दोन खाती उघडता येत नाहीत. म्हणून घाईत 'कांबळे १', 'कांबळे २' अशी खाती उघडली जातात आणि पुढे ती कोणाची हे कोणालाच आठवत नाही. ज्या खात्यावर व्यवहार आहेत ते खाते टॅली पुसू देत नाही. आधी प्रत्येक व्हाउचर उघडून योग्य खात्यावर न्यावे लागते. हे चालू वर्षातच करावे. ज्या वर्षाचा हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे गेला आहे, त्या वर्षाच्या व्हाउचरला हात लावू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब ठेवणे व तो तपासून घेणे ही विश्वस्तांची जबाबदारी आहे. तपासलेले आकडे मागाहून बदलले तर शंका घेण्यास जागा होते. खरे तर प्रत्येक दात्याचे वेगळे खाते उघडण्याची गरज नसते. हिशेबात 'इमारत निधी', 'वर्षावास दान', 'शिष्यवृत्ती निधी' अशी खाती असावीत आणि दात्यांची नोंदवही क्रमांकानिशी वेगळी असावी.

एक्सेलमध्ये 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' नावाची आज्ञा आहे. तिच्याविषयी सावध करणे आम्हाला आवश्यक वाटते. ही आज्ञा पहिली ओळ ठेवते आणि सारख्या दिसणाऱ्या बाकीच्या ओळी पुसते. देणग्यांच्या यादीवर फक्त नावाच्या रकान्यावरून ती चालवली, तर ज्या माऊलीने वर्षात चार वेळा दान दिले तिची तीन दाने एका क्षणात नाहीशी होतात. तेव्हा ही आज्ञा वापरू नये. सारख्या नावांना रंग देण्याची सोय एक्सेलमध्येच आहे, ती वापरावी आणि मग डोळ्यांनी पाहावे.

मोठ्या संस्थांसाठी सिव्हीसीआरएम हे सॉफ्टवेअर आहे. ते मुक्त-स्रोत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. त्यात नाव, ईमेल यांसारख्या रकान्यांना गुण ठरवून देता येतात. दोन नोंदींचे जुळणारे गुण ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचले की ती जोडी समोर येते. मग दोन्ही नोंदी शेजारी शेजारी पाहून कोणती माहिती ठेवायची हे आपण ठरवतो, आणि देणग्या ठेवलेल्या नोंदीकडे जातात. सोय चांगली आहे, पण मर्यादा फार खाली ठेवली तर बापलेक एक होतील, हे विसरू नये.

बहिणीचे दान बहिणीच्या नावावर

या कामात एक गोष्ट हमखास घडते, तिकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. एकाच घरातून नवऱ्याचे आणि बायकोचे दान आलेले असते. पत्ता एक, आडनाव एक, फोन एक. यादी आटोपशीर करायची म्हणून दोघांची एक नोंद केली जाते आणि ती नवऱ्याच्या नावावर राहते. महिला मंडळाच्या भिशीतून वाचवलेले, धुण्याभांड्याच्या पगारातून काढलेले तिचे पैसे त्याच्या नावाखाली जातात. पुढे विहाराच्या भिंतीवर फरशी लागते, तिच्यावर त्याचे नाव येते. यात त्याचा दोष नसेल, पण तिच्यावर अन्याय झाला.

घर एक असले तरी माणसे दोन आहेत. पत्रिका एकच पाठवायची असेल तर दोन्ही नोंदींना एक कुटुंब क्रमांक द्यावा. नोंदी मात्र वेगळ्याच राहाव्यात. 'सौ. वानखेडे' असे लिहू नये, तिचे स्वतःचे नाव लिहावे. आणि पावती घेताना भगिनींनीही "माझ्या नावाची द्या" असे स्पष्ट सांगावे.

कालकथितांच्या बाबतीतही असेच भान हवे. माणूस गेला म्हणून त्याचे नाव पुसू नये, कारण त्याचे दान इतिहासाचा भाग आहे. नोंदीसमोर 'कालकथित' अशी खूण करावी, म्हणजे वर्गणीचे स्मरणपत्र त्याच्या नावाने घरी जाऊन घरच्यांना वेदना होणार नाहीत. मुलाने आईच्या स्मरणार्थ दान दिले तर दाता मुलगा, आणि आईचे नाव 'स्मरणार्थ' या रकान्यात. दोन्ही नावे राहतात, घोळ होत नाही.

पुन्हा दुबार होऊ नये म्हणून

एकदा साफ केलेली यादी वर्षभरात पुन्हा घाण होते, जर सवय बदलली नाही तर. प्रत्येक दात्याला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो पावतीवर लिहावा. पुढच्या वेळी दाता जुनी पावती घेऊन आला की नाव शोधण्याची गरज उरत नाही. नवीन नाव टाकण्याआधी तीन प्रकारे शोधावे : मोबाइलने, आडनावाने आणि नुसत्या पहिल्या नावाने. नाव मराठीत आणि रोमनमध्ये अशा दोन्ही रकान्यांत ठेवावे. रोमन स्पेलिंग दाता स्वतः जसे लिहितो तसेच घ्यावे, आपल्या मनाने सुधारू नये. गावाकडचे दाते असतील तर गाव आणि तालुका लिहावा. नोंदी कोणीही घ्याव्यात, पण संगणकावर चढवण्याचे काम एका-दोघांकडेच असावे. आणि मार्चअखेरची वाट न पाहता दर तिमाहीस यादी एकदा तपासावी.

लोकांनी दिलेली माहिती जपण्याचेही बंधन आहे. ओळखपत्रांच्या प्रती टेबलावर पडू देऊ नयेत आणि फोन नंबरांची यादी गावभर फिरवू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला आहे, आणि आपल्याविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. कायद्याची वाट कशाला पाहावी? वर्षातून एकदा विहारात दात्यांनी आपापली नोंद पाहावी व दुरुस्ती सांगावी, असा दिवस ठेवला तर समितीचे अर्धे काम लोकच करतील. नोंद मात्र ज्याची त्यालाच दाखवावी.

हा धम्माचाच भाग आहे

हिशेब हे रुक्ष काम आहे, धम्मकार्य वेगळे, असे काहींना वाटते. तसे नाही. विनयपिटकातील महावग्गात चीवरांचा एक मोठा भाग आहे. लोक संघासाठी चीवरे घेऊन विहारात येत, पण ती स्वीकारणारा कोणी सापडत नसे, म्हणून परत घेऊन जात, आणि संघाला चीवरे कमी पडत. तेव्हा भगवंतांनी चीवर स्वीकारण्यासाठी एका भिक्खूची नेमणूक करण्यास अनुज्ञा दिली. त्याच्या अंगी पाच गुण हवेत असे सांगितले : त्याने आवडीपोटी, द्वेषापोटी, मोहापोटी किंवा भयापोटी पक्षपात करू नये, आणि काय घेतले गेले व काय घेतले गेले नाही हे त्याला ठाऊक असावे. नेमणूकही संघापुढे ठराव मांडून, सर्वांच्या संमतीने करायची. अडीच हजार वर्षांपूर्वी दानाच्या नोंदीला एवढे महत्त्व दिलेले आहे. आपल्या खजिनदारासाठी यापेक्षा वेगळी पात्रता कोणती सांगणार?

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे पंडित. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी त्यांना मिळाली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी इशारा दिला की, राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मूल्य मिळणार आहे, पण सामाजिक व आर्थिक जीवनात माणसामाणसाचे मूल्य सारखे मानले जाणार नाही. आपल्या विहाराच्या यादीत तरी ही विसंगती राहू नये. पाच रुपये देणाऱ्या मजुराची नोंद पाच हजार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नोंदीइतकीच पूर्ण, बिनचूक आणि एकच असावी.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर समितीच्या बंधुभगिनींनी यादी उघडावी, तीन आकडे कागदावर लिहावेत आणि एका आडनावापासून सुरुवात करावी. एका दिवसात काम संपणार नाही. दर आठवड्याला दोन आडनावे घेतली तरी पुढच्या वैशाख पौर्णिमेपर्यंत यादी स्वच्छ होईल. आणि ज्यांचे समितीत कोणी नाही त्यांनी आपल्या जुन्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात. काम सुरू होईल तेव्हा त्याच पावत्या सर्वांत मोठा पुरावा ठरतील.

जयभीम! नमो बुद्धाय!